डार्क मॅटर म्हणजे विश्वाचं सस्पेन्स खातं आहे का? (दीर्घिकांच्या फिरण्याबद्दल एक भाबडी शंका)

खतावणी
मंडळी, आधीच सांगतो, मी फिजिक्सवाला नाही. सीएच्या ऑफिसात ट्रायल बॅलन्स जुळवणारा माणूस. गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं म्हणून भाचीला घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो (नारायणगावजवळ, ४५ मीटरच्या ३० डिश, बघितलं नसेल तर जाच एकदा). तिथे एका मुलाने ग्राफ काढून समजावलं की सूर्यमालेत जितकं लांब तितकं सावकाश, म्हणजे बुध सेकंदाला ४७ किमी, पृथ्वी ३०, नेपच्यून जेमतेम साडेपाच, कारण सगळं वजन मधे सूर्यात. मग दीर्घिकेतही (म्हणजे गॅलक्सीत) कडेचे तारे आणि गॅस रेंगाळायला पाहिजेत, पण ते तर आतल्यांच्याच वेगाने पळतात, ग्राफ सपाट. म्हणून म्हणे न दिसणारं वजन आहे, डार्क मॅटर. भाची नववीत. ती लगेच, "दिसत नाही तर आहे कशावरून? गणितच चुकलं असेल." तो मुलगा हसला, म्हणाला असं म्हणणारे शास्त्रज्ञपण आहेत. झालं, तेव्हापासून मला हे वेड लागलंय.

तर शंका अशी. आमच्याकडे डेबिट-क्रेडिट जुळलं नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. त्यात गैर काही नाही, सगळेच टाकतात, पण ते खातं वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं तर ऑडिटर कान पकडतो. १९३३ साली झ्विकीने कोमा क्लस्टरमधे (ही दीर्घिकांची एक झुंड) फरक काढला, १९७० मधे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्डने देवयानी दीर्घिका मोजली, १९७८ मधे बोस्माने रेडिओवर अजून बऱ्याच मोजल्या, आणि सस्पेन्स अजून उघडाच. साउथ डाकोटात दीड किलोमीटर खोल दहा टन द्रव झेनॉन भरून लोक वाट बघत बसलेत, डार्क मॅटरचा एक कण गावलेला नाही.

दुसरीकडे मिलग्रॉम नावाचे इस्रायली शास्त्रज्ञ १९८३ पासून म्हणतायत की वजन वाढवू नका, नियम बदला. त्याला मॉन्ड म्हणतात एवढं वाचलंय. जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं की याला लोक वेडगळ का म्हणतात.

तर्रीबाज
जागा पकडली. पॉपकॉर्न आणलेत. धाग्याची शंभरी नक्की.

शंकासुर
मला मॉन्डचा म च माहीत नाही. नियम बदला म्हणजे काय बदला? न्यूटनला रिटायर करा?

निवृत्त_मास्तर
शंकासुर, न्यूटनला रिटायर नाही करायचं, त्याची हद्द ठरवायची. मिलग्रॉमचं म्हणणं अंतराबद्दल नाहीच, इथेच बरेच जण घोळ घालतात. ते त्वरणाबद्दल आहे. गुरुत्वाने मिळणारं त्वरण एका ठरावीक आकड्याच्या खूप खाली गेलं की ओढ न्यूटनच्या हिशेबाने जेवढी कमी व्हायला पाहिजे तेवढी होत नाही. न्यूटनचं उत्तर आणि हा आकडा यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा, ते खरं त्वरण. आकडा आहे साधारण १.२ भागिले दहाचा दहावा घात, मीटर प्रति सेकंद वर्ग. तुमच्या खिशातून पडणाऱ्या नाण्याचं त्वरण याच्या सुमारे आठ हजार कोटी पट आहे.

आता हे किती कमी ते सांगतो. समजा पुण्यातून गाडी काढली आणि या त्वरणाने, एकदाही ब्रेक न दाबता, खोडदकडे निघालात. एक वर्षानंतर गाडी किती पळेल? सेकंदाला चार मिलीमीटरसुद्धा नाही. आणि पोचलेले असाल साधारण ६० किलोमीटरवर, म्हणजे मंचरला. नारायणगाव अजून पुढेच.

तर्रीबाज
चाकणच्या ट्रॅफिकमधे हे त्वरणसुद्धा मिळत नाही मास्तर.

निवृत्त_मास्तर
तुला वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं.
पुढचं ऐका. या वर्गमुळाचं लग्न गोल फिरण्याच्या सूत्राशी लावलं की अंतर दोन्ही बाजूंनी कटतं, उरतं फक्त वस्तुमान: वेगाचा चौथा घात म्हणजे जी (न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक) गुणिले वस्तुमान गुणिले तो आकडा. अंतरच नाही म्हटल्यावर ग्राफ सपाट येणारच! मी वहीवर करून बघितलं. आपल्या आकाशगंगेतलं दिसणारं वजन सहा हजार कोटी सूर्यांएवढं धरलं तर सेकंदाला १७५ किमीच्या आसपास येतं, खरा वेग दोनशेच्या घरात. तारे आणि गॅसचं वजन थोडं इकडेतिकडे धरायला वाव आहे, त्या मानाने हे फारच जवळ. एका ओळीच्या गणिताला आणखी काय पाहिजे.

मृण्मयी_न
खूप छान समजावलंत मास्तर. अवांतर: व्हेरा रुबिनबद्दल. पालोमारच्या दुर्बिणीवर अधिकृतपणे निरीक्षण करायला परवानगी मिळालेली पहिली बाई ती, १९६५ साली, म्हणजे त्याआधी बायकांना चक्क मनाई! २०१६ मधे गेली, नोबेल नाहीच मिळालं. आणि गंमत म्हणजे तिच्या ग्राफवर अख्खं डार्क मॅटरचं दुकान उभं राहिलं, पण ती स्वतः एका मुलाखतीत म्हणाली होती की मला निवड करायची मुभा असेल तर न्यूटनचे नियम बदलावे लागले तर ते जास्त आवडेल, नवीन प्रकारच्या कणांनी विश्व भरलंय यापेक्षा.

वाऱ्यावरची_वही
कॉस्मॉलॉजीत पोस्टडॉक करून आता नेदरलँड्समधे डेटाच्या नोकरीत रमलेली मी, त्यामुळे खतावणी, तुमचा सस्पेन्सचा दाखला वाचून हसू आलं, कारण माझे गाइड नेमकं उलट म्हणायचे. ते म्हणायचे डार्क मॅटर हे सस्पेन्स खातं नाही, ती पार्टी आहे जी पाच वेगवेगळ्या शाखांच्या वह्यांमधे सापडते. दीर्घिकांचं फिरणं ही एकच शाखा. दीर्घिकांच्या झुंडींमधल्या गॅसचं तापमान, प्रकाशाचं वाकणं, पार्श्वप्रारणातल्या (बिग बँगनंतर उरलेल्या प्रकाशातल्या) लहरी, विश्वात जाळं कसं तयार झालं, सगळीकडून साधारण तोच आकडा येतो: साध्या पदार्थाच्या पाचएक पट न दिसणारं. मॉन्डने एक शाखा जुळवली म्हणून कंपनीचा ताळेबंद जुळला असं नाही होत.

आणि झुंडींमधे तर मॉन्ड स्वतःच नापास आहे. हे मिलग्रॉम आणि त्यांचे लोकही मानतात. मॉन्ड लावूनही तिथे दुपटीच्या आसपास वजन कमीच पडतं. म्हणजे डार्क मॅटर नको म्हणून नियम बदलला आणि मग झुंडीत पुन्हा न दिसणारं काहीतरी घालावंच लागलं. मग केलं काय?

खतावणी
ताई, तुमचा मुद्दा मान्य, पण माझी खाज वेगळीच आहे. मी २०१६ चा मॅकगॉ, लेली आणि शॉम्बर्ट यांचा पेपर वाचायचा प्रयत्न केला (निम्मा कळला). त्यांनी १५३ दीर्घिका घेतल्या, अडीच हजारांवर बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला दोनच आकडे काढले: दिसणाऱ्या पदार्थामुळे किती त्वरण यायला पाहिजे आणि प्रत्यक्षात किती आहे. हे एकमेकांसमोर मांडले तर सगळे एका बारीक रेषेवर! मोठी दीर्घिका, बुटकी दीर्घिका, ताऱ्यांनी भरलेली, नुसती गॅसवाली, सगळ्या.

आता मी माझ्या धंद्यातलं सांगतो. सस्पेन्समधे पडलेला फरक हा कसाही असतो, कधी तीनशे, कधी सत्तर हजार, कारण चुका अनेक प्रकारच्या. पण समजा मला १५३ क्लायंटच्या वह्यांमधे फरक सापडला आणि प्रत्येक ठिकाणी तो विक्रीच्या आकड्यावरून एकाच सूत्राने काढता येतो, तर मी काय समजेन? कुठेतरी लपवलेली पार्टी? नाही हो. मी म्हणेन सॉफ्टवेअरमधे फॉर्म्युला चुकलाय. न दिसणारं द्रव्य जर वेगळी वस्तू आहे, स्वतःच्या मनाने गोळा होते, तर तिला दिसणाऱ्या द्रव्याचा एवढा धाक कशाला?

शंकासुर
हा मुद्दा भारी आहे. +१

जुन्नरी
खोडदचा विषय निघालाय तर आमच्या गावाकडची एक गोष्ट टाकतो. एनजीसी ३७४१ नावाची एक बुटकी दीर्घिका आहे, दिसायला अगदीच मरतुकडी. जयराम चेंगलूर, आयेशा बेगम आणि रशियाचे कराचेन्त्सेव्ह यांनी २००५ मधे जीएमआरटीवरून तिच्यातला हायड्रोजन मोजला, तोच जो २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी सोडतो. तर दुर्बिणीतून जेवढी दिसते त्याच्या आठ पटींहून जास्त लांब हायड्रोजनची तबकडी पसरलेली निघाली! आणि तितक्या लांबपर्यंत फिरण्याचा वेग मोजता आला. प्रकाशाच्या मानाने वजन शंभराच्या वर पट, म्हणजे डार्क मॅटरच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ सगळी काळीच. पुढे २००७ मधे दुसऱ्या टीमने याच दीर्घिकेवर मॉन्ड लावून बघितलं, आणि बसलं की राव. एवढ्या लांबपर्यंत.

पोरांना वाटतं खोडदला नुसते पल्सार बघतात.

प्लाझ्मापंत
तुम्ही सगळे मुद्दाम विसरताय की विश्वाचा बहुतेक दिसणारा भाग प्लाझ्मा आहे आणि प्लाझ्मावर चुंबकीय बल चालतं जे गुरुत्वापेक्षा कैक पटीने मोठं असतं. दीर्घिका ही एक विजेची मोटर आहे, हे मोठ्या विद्यापीठांना पचत नाही म्हणून दाबून ठेवलंय. डार्क मॅटर नको, मॉन्ड नको, मॅक्सवेलचे वीज-चुंबकाचे नियम पुरे.

तर्रीबाज
आला आला. बाळासाहेब, पॉपकॉर्न रिफिल करा.

वाऱ्यावरची_वही
प्लाझ्मापंत, दाबून बिबून कोणी ठेवलेलं नाहीये, नव्वदच्या दशकात चुंबकीय क्षेत्राने ग्राफ सपाट होतो का यावर छापील पेपर आले होते. अडचण साधी आहे. आकाशगंगेतलं चुंबकीय क्षेत्र काही मायक्रोगॉस, म्हणजे तुमच्या होकायंत्राला हलवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा लाखपट कमजोर. विरळ गॅसला ते थोडंफार ढकलेल. पण तारा? सूर्याएवढ्या गोळ्याला त्याचा वाराही लागत नाही. आणि तारे आणि गॅस एकाच वेगाने फिरतात. तुमच्या मोटरने एकाला फिरवायचं आणि दुसऱ्याला सोडून द्यायचं, तर दोघांचे वेग वेगळे दिसले असते. दिसत नाहीत.

प्लाझ्मापंत
वेळ आल्यावर कळेल.

वाऱ्यावरची_वही
खतावणी, आता तुमच्या फॉर्म्युल्याकडे. प्रामाणिकपणे सांगते, ती बारीक रेषा मलाही झोप लागू देत नव्हती. आमच्या बाजूचं उत्तर असं की डार्क मॅटरच्या खड्ड्यात गॅस पडतो, तारे बनतात, फुटतात, गॅस बाहेर फेकला जातो, आणि या धुमश्चक्रीत दोघांचं प्रमाण आपोआप बांधलं जातं. कॉम्प्युटरमधे नकली विश्व बनवून लोकांनी तशी रेषा काढूनही दाखवलीय, २०१७ मधे ईगल नावाच्या सिम्युलेशनमधून. आता यात तारे फुटण्याचे किती नॉब आहेत आणि ते किती पिळलेत हे तुम्ही विचारालच, आणि विचारायलाच पाहिजे.

पण बुलेट क्लस्टरचं काय करणार ते सांगा. दोन झुंडी एकमेकांतून आरपार गेल्यात. झुंडीतलं बहुतेक साधं वजन गरम गॅसमधे असतं, ताऱ्यांमधे नाही. टक्करीत गॅस गॅसला आपटून मधेच रेंगाळला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. मग वजन कुठे? मागून येणारा प्रकाश किती वाकतो त्यावरून २००६ मधे नकाशा काढला, तर वजन दीर्घिकांबरोबर पुढे गेलेलं. गॅसबरोबर नाही! नियम कितीही वाकवा, दिसणारं वजन जिथे आहे तिथून ओढ हलवणं सोपं नाही.

निवृत्त_मास्तर
वहीताई, बुलेटबद्दल दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर पोरं म्हणतील मास्तर गप्प बसले. गॅसमधली धक्क्याची लाट सेकंदाला ४७०० किमीने जाताना दिसली, तेव्हा मॉन्डवाल्यांनी गलका केला की डार्क मॅटरच्या विश्वात एवढ्या जोरात टक्कर होणं जवळपास अशक्य. नंतर सिम्युलेशन नीट केल्यावर कळलं की लाटेचा वेग म्हणजे झुंडीचा वेग नाही, तो २७०० च्या आसपास बसतो. म्हणजे तो बाण फुकट गेला. पण मूळ प्रश्नाला मॉन्डवाल्यांचं एवढंच उत्तर आहे की झुंडीत वजन कमी पडतंय हे आम्ही आधीपासून मान्य करतोय, तेच उरलेलं वजन दीर्घिकांबरोबर पुढे गेलं, ते साधंच काहीतरी असेल जे अजून मोजलं गेलं नाही, नाहीतर जड न्यूट्रिनो असेल. मला स्वतःला हे उत्तर लंगडं वाटतं.

शंकासुर
म्हणजे दीर्घिकेत मॉन्ड पास, झुंडीत नापास. डार्क मॅटर झुंडीत पास आणि दीर्घिकेत ग्रेस मार्कांनी पास. मला एवढंच कळलं, बरोबर का?

वाऱ्यावरची_वही
ग्रेस मार्क हा शब्द मला झोंबला, पण चालेल.

पार्श्वप्रारण राहिलंच. सुरुवातीच्या विश्वातल्या ध्वनिलहरींचे ठसे, त्यांच्या आलेखात शिखरं. मॅकगॉने १९९९ मधे डार्क मॅटर नाही असं धरून सांगितलं होतं की दुसरं शिखर बुटकं निघेल, आणि निघालं, आमच्या लोकांची तारांबळ उडाली. पण तिसरं शिखर त्या हिशेबात आणखी बुटकं पाहिजे होतं, ते दुसऱ्याच्या बरोबरीचं आलं. डार्क मॅटर असेल तरच असं येतं.

मृण्मयी_न
पण २०२१ मधे स्कॉर्डिस आणि झ्लोश्निक यांनी मॉन्डचा नवा अवतार काढून तिसरं शिखरही बसवलं ना?

वाऱ्यावरची_वही
बसवलं, आणि ते काम मला मनापासून आवडलं. पण बसवलं कसं ते बघा. त्यात गुरुत्वाबरोबर दोन जास्तीची फील्ड घातलीत आणि सुरुवातीच्या विश्वात त्यातलं एक जवळपास डार्क मॅटरच्या धुळीसारखंच वागतं. मग मी म्हणते, वेगळं नाव दिलंत, वस्तू तीच.

शिवाय आधीच्या अवताराचं काय झालं आठवा. बेकेन्स्टाइनने २००४ मधे टेव्हेस नावाचा सिद्धांत मांडला, त्यात गुरुत्वलहरी आणि प्रकाश वेगळ्या वाटेने, वेगळ्या वेगाने जाऊ शकत होते. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकले, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. गुरुत्वलहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा कोटी वर्षांचा प्रवास आणि फरक पावणेदोन सेकंदांचा! त्या दिवशी एका झटक्यात कितीतरी पर्यायी सिद्धांत मेले. स्कॉर्डिसचा त्यानंतर मुद्दाम त्या कसोटीत बसेल असा बांधलेला आहे.

जुन्नरी
डच शास्त्रज्ञ व्हर्लिंडाबद्दल कोणी लिहिलं नाही. गुरुत्व हे मूळ बलच नाही, उष्णतेसारखं वरून दिसणारं आहे, आणि त्यातून २०१६ मधे त्याने मॉन्डसारखाच आकडा काढला. आपल्या आयुकातले (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) पद्मनाभन सरही गुरुत्व आणि उष्मागतिकी यांचं नातं वर्षानुवर्षं मांडत होते, ते वेगळ्या वाटेने. २०२१ मधे गेले.

निवृत्त_मास्तर
आणि मधली वाटही आहे. जस्टिन खौरी आणि बेरेझियानी, २०१५. डार्क मॅटर आहेच, पण दीर्घिकेत थंड होऊन अतिप्रवाही (अजिबात न घासता वाहणारं) होतं आणि तिथे मॉन्डसारखं वागतं. झुंडीत गरम असल्यामुळे साध्या डार्क मॅटरसारखं. दोन्ही पक्षांना खूश करणारी सून. अशा सुना घरात किती टिकतात माहीत नाही.

मृण्मयी_न
मास्तर, सुनेची उपमा नको होती. बाकी प्रतिसाद उत्तम.

निवृत्त_मास्तर
चूक कबूल. जावई म्हणा.

शंकासुर
एक बावळट प्रश्न. एवढ्या लांबच्या दीर्घिका कशाला, इथेच शेजारी तपासता येत नाही का? सूर्याच्या आसपास?

वाऱ्यावरची_वही
बावळट मुळीच नाही, सध्या सगळ्यात जास्त भांडण तिथेच चालू आहे. सूर्याएवढा तारा घेतला तर मास्तरांनी सांगितलेला आकडा सुमारे सात हजार खगोलीय एककांवर लागतो, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सात हजार पट. इतक्या लांबून एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या जोड्या गाया उपग्रहाने हजारोंनी शोधल्यात. दोन ताऱ्यांच्या मधे डार्क मॅटरची मात्रा नगण्य, त्यामुळे तिथे वेग जास्त निघाला तर आमची बोलती बंद. २०२३ मधे कोरियाच्या छे यांनी त्याच डेटातून जाहीर केलं की मॉन्ड दिसला. त्याच वर्षी इंद्रनील बाणिक आणि मंडळींनी त्याच गायाच्या डेटावरून सांगितलं की न्यूटनच बरोबर, मॉन्ड साफ चूक. आणि गंमत ही की बाणिक आधी मॉन्डच्याच बाजूने काम करणारे! भांडण कशावर, तर जोडीत लपलेला तिसरा तारा किती वेळा असतो आणि कुठल्या जोड्या गाळायच्या यावर.

खतावणी
म्हणजे डेटा एकच आणि ऑडिटर दोन, रिपोर्ट उलटे. हे मात्र मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

बादवे काल हा सगळा धागा भाचीला वाचून दाखवला. तिला प्लाझ्मापंत आवडले (माफ करा). पण तिने एक विचारलं आणि मी गप्प. तो १.२ वाला आकडा प्रकाशाचा वेग आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग यांचा गुणाकार करून सहाने भागला की जवळपास येतो असं मी तिला कौतुकाने सांगितलं होतं. तर ती म्हणाली, "मामा, प्रसरणाचा वेग तर काळाबरोबर बदलतो ना, मग तो आकडापण बदलायला पाहिजे. जुन्या दीर्घिका वेगळ्या फिरत असतील." आता बोला.

निवृत्त_मास्तर
भाचीला माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न मी एमएस्सीच्या मुलांकडून ऐकला नव्हता.

वाऱ्यावरची_वही
हे बघितलंय लोकांनी. २०१७ मधे गेन्झेलच्या टीमने दहाएक अब्ज वर्षांपूर्वीच्या सहा दीर्घिका मोजल्या, त्यांचे ग्राफ कडेला सपाट नाहीत, उतरतात. सगळ्यांना वाटलं मॉन्ड गेला. तर मिलग्रॉमचं उत्तर आलं की त्या दीर्घिका एवढ्या गच्च आहेत की मोजलेल्या कडेलासुद्धा त्वरण माझ्या आकड्याच्या तीन ते अकरा पट आहे, तिथे न्यूटनच चालणार, उतरायलाच पाहिजेत. आणि वर त्यांनी हेही लिहिलं की तेव्हा हा आकडा आजच्यापेक्षा फार मोठा असता तर ग्राफ असे उतरले नसते. म्हणजे निदान खूप बदललेला दिसत नाही. पण थोडा बदलला असेल का, हे सांगायला त्याहून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायला हवं, आणि इतक्या लांबचा २१ सेंटीमीटरचा सिग्नल एकेका दीर्घिकेतून पकडणं आत्ताच्या डिशना झेपत नाही.

जुन्नरी
खतावणी, येत्या २८ फेब्रुवारीला पोरीला घेऊन परत या, मी गेटवर भेटतो. मोबाइल तेवढा बंद ठेवा.

तर्रीबाज
मंचरला थांबा, मिसळ माझ्यातर्फे. ब्रेक न दाबता निघालात तर एका वर्षात पोचाल.